आठ पेरूंचा प्रश्न

सातपूरला आमच्या दुसरी ब च्या खिडकीतून
कारखान्याचा भोंगा आत येतो,
घड्याळाकडे बघावं लागत नाही.
गणित इंग्रजीत, बाकी सगळं मराठीत,
असं पालकसभेत ठरलं. हात वर झाले, माझाही.
घरी निम्मी मुलं अहिराणीत भांडतात,
अहिराणीतच झोपेत बडबडतात,
ती भाषा वेळापत्रकात नाही.

ऑक्टोबरच्या चाचणीत विचारलं होतं :
पेरू आठ. तीन खाल्ले.
हाऊ मेनी आर लेफ्ट?

भाविक खैरनारने आठही पेरू काढले, देठासकट,
एकाला पोपटाने टोचल्याचं भोकसुद्धा,
आणि डावीकडच्या चारांभोवती
पेन्सिलीने नीट कुंपण घातलं.
मी पेरूंच्या शेजारी लाल भोपळा काढून दिला.

गांगुर्डे सरांच्या तक्त्यावर आमचा वर्ग : बत्तीस टक्के.
पाढे वाढवा, म्हणाले. वाढवले.
मधली सुट्टी दहा मिनिटांनी कापली.
महिनाभराने मोजलं तर तेहेतीस.
तो एक टक्का सुट्टीचा होता की पाढ्यांचा
हे कोणी विचारलं नाही.

मग एका सकाळी कवायतीत,
लेफ्ट, राइट, लेफ्ट,
भाविक पहिल्या रांगेत,
त्याचा डावा पाय ढोलाच्या आधी उचलला जायचा.
आणि मला ते कुंपण दिसलं.

संध्याकाळी फाटकाशी त्याची आई,
पॅकिंगच्या पाळीवरून आलेली,
केसांत थर्माकोलचे कण.
मी म्हटलं, तुम्हीच विचारा ना त्याला.
ती आधी लाजली, मग म्हणाली,
"आठ पेरू माईन तीन खाई टाकात, कितला उरनात?"
"पाच."
त्याने तिच्याकडे असं पाहिलं
जणू तिने त्याचंच नाव त्याला विचारलं होतं.

तेव्हापासून गणित आधी घरच्या बोलीत सांगायचं,
ज्याला येईल त्याने, उभं न राहता.
मग मराठीत. मग पुस्तकातल्या इंग्रजीत.
लेफ्टला भिंतीवर दोन घरं दिली :
एकात डावा हात,
एकात ताटलीत राहिलेली भाकरी.
गांगुर्डे सर दाराशी थबकले.
"इंग्रजीच्या तासाला हे काय चाललंय?"
"तास गणिताचा आहे, सर."
मग ते मागच्या बाकावर बसले, गुडघे मावत नव्हते,
तरी घंटा होईपर्यंत.

जानेवारीत एकोणपन्नास.
लतिका बागूल अजून थ्री ला ट्री म्हणते,
आणि दोन मुलगे तिन्ही भाषांत गप्प आहेत,
त्यांच्याशी काय करायचं मला अजून कळलेलं नाही.
भाविकला वीसपैकी सतरा.
कापलेली दहा मिनिटं मी गुपचूप परत केली.

फेब्रुवारीत कंपनीने एक लाइन बंद केली,
त्याच्या वडिलांचं कंत्राट त्याच लाइनवर.
दाखला न्यायला तिघं आले. साक्रीकडे निघाले होते.
लिपिकाने रजिस्टरच्या शेरा रकान्यात
इंग्रजीत एकच शब्द लिहिला.
भाविकने टेबलापलीकडून, उलट्या बाजूने वाचला,
अडखळला नाही.
"लेफ्ट. डावा का उरना, मॅडम?"

"गेला," मी म्हटलं.
तो जरा वेळ थांबला,
मग दप्तरातून वही काढली, लिहून घेतलं.

मार्चच्या तक्त्यात त्याचे सतरा धरता येत नाहीत.
आमचा आकडा किंचित खाली आला,
सर काही बोलले नाहीत.
भिंतीवर लेफ्टचं तिसरं घर मी आखून ठेवलंय.
आत काय काढावं, ते सुचत नाही.